घरच्यांना वाटलं, याचं डोकं फिरलंय

आजचा शास्त्रभाग: मार्क ३:२०-२२



आजचा भाग तीनच ओळींचा आहे आणि बहुतेक वेळा आपण तो पटकन ओलांडून पुढे जातो. येशू घरात आहे, एवढी गर्दी की जेवायलासुद्धा सवड नाही. ही बातमी त्याच्या घरच्यांना कळते आणि ते त्याला धरून न्यायला निघतात, कारण त्यांना वाटतं की याला वेड लागलंय. आणि लगेच पुढच्या वचनात यरुशलेमहून आलेले शास्त्री म्हणतात की याच्या अंगात भूत आहे. म्हणजे एकाच दिवशी घरचे वेडा म्हणतायत आणि धर्माचे जाणकार त्याहून वाईट काहीतरी म्हणतायत. मार्कने हे लपवलं नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. मी असतो तर गुरूच्या चरित्रातून हा प्रसंग गुपचूप डिलीट केला असता.

हा भाग वाचताना मला दर वेळी आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस आठवतो. रत्नागिरीत टिळक म्हटलं की लोक थेट टिळक आळीतल्या लोकमान्यांच्या घराकडे बोट दाखवतात. पण मी म्हणतोय ते दुसरे टिळक, नारायण वामन टिळक. जन्म ६ डिसेंबर १८६१, दापोली तालुक्यातलं करजगाव. लोकमान्यांपेक्षा पाच वर्षांनी लहान. तुम्ही चर्चमध्ये जात असाल तर यांचे शब्द तुमच्या तोंडात नक्की आहेत, भले नाव माहीत नसो. आपल्या 'उपासना संगीत'मधली कितीतरी गीतं त्यांची आहेत. आणि चर्चला जात नसाल तरी शाळेच्या पुस्तकात भेटले असतील, फुलामुलांचे कवी म्हणून.

आई जानकीबाई. तिला कवितेची गोडी, आणि ती मुलात उतरली. वडिलांचा स्वभाव मात्र कडक. आई लवकर गेली, नारायण तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांचा. त्यानंतर त्याने घर सोडलं आणि नाशिकला जाऊन गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही त्यांची बायको झाली. लग्नात ती साधारण अकरा वर्षांची, सासरचं नाव लक्ष्मी. हीच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणारी लक्ष्मीबाई टिळक.

टिळक संसाराला सोपे नव्हते हे आधीच सांगून टाकतो. आज या गावी नोकरी, उद्या त्या गावी. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी कीर्तनकार, कधी संपादक. मनात आलं की नोकरी सोडायची, आणि कधी कधी कुणाला न सांगता नाहीसं व्हायचं. हातात पैसा टिकत नसे, समोर गरजू दिसला की घरात काय आहे याचा विचार न करता देऊन मोकळे. राग नाकावर. हिंदुस्थानचं भलं कशाने होईल या एकाच विचाराने झपाटलेले. जुन्या कर्मकांडात त्यांना उत्तर मिळेना, तेव्हा आपणच एखादा नवा धर्म काढावा असंही त्यांच्या मनात घोळत होतं. आजच्या भाषेत, सगळं सिस्टिम मुळापासून रीराइट करायला निघालेला माणूस.

१८९३ साल. टिळक रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा मिशनरी होता, अर्नेस्ट वॉर्ड. दोघांच्या गप्पा कवितेवरून सुरू झाल्या आणि धर्मावर आल्या. उतरताना त्या माणसाने टिळकांना नवा करार दिला आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते तेव्हा हास्यास्पदच वाटलं असणार. पण पुस्तक वाचीन असं कबूल केलं होतं, म्हणून वाचायला घेतलं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापर्यंत आले आणि डोंगरावरचं प्रवचन त्यांना सोडेना. ज्या प्रश्नांची उत्तरं ते इतकी वर्षं शोधत होते ती तिथे होती.

पुढची दीड-दोन वर्षं आतल्या आत चाललेल्या लढाईची. बाहेर फारसं कुणाला सांगायची सोय नव्हती. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचा पंडित, नावारूपाला येत असलेला कवी. अशा माणसाने ख्रिस्ती होणं म्हणजे त्या काळात घरच्यांच्या दृष्टीने मरणंच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वॉर्डने सांगितलेली दोन वर्षांची मुदत खरी ठरली.

लक्ष्मीबाईंना याची खबर मिळाली ती सगळं होऊन गेल्यावर.

इथे जरा थांबूया. कारण आपण अशा गोष्टी सांगताना नेहमी टिळकांच्या बाजूला उभे राहतो. विश्वासासाठी त्याग केला, लोकांनी गैरसमज करून घेतला, वगैरे. पण त्या घरात बसलेल्या बाईकडून बघा. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत आहे, पण समाजाच्या लेखी नाही. कुंकू लावायचं की नाही? ती सवाष्ण की कोण? माहेरचे लोक तिच्याकडे दयेने बघणार, बाकीचे कुतूहलाने. आणि ज्याच्याकडे जाऊन हे का केलंत म्हणून विचारावं तोच माणूस परका झालेला. मला विचाराल तर त्या वर्षी सगळ्यात जास्त कुणाला कुणी समजून घेतलं नसेल तर ते लक्ष्मीबाईंना. टिळकांनी आधी सांगितलं असतं तर बाप्तिस्मा होऊच दिला नसता हे खरं असेल. तरीसुद्धा.

कारण आपण 'मला कुणी समजून घेत नाही' म्हणतो तेव्हा त्या वाक्यात नेहमी आपणच असतो. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात येशूला धरायला आलेले लोक दुष्ट नव्हते. त्यांना त्याची काळजी होती. मुलगा जेवत नाही, गर्दी त्याला चिरडून टाकेल, वरिष्ठ मंडळी चिडलेली आहेत. नाझरेथहून चालत आले ते. प्रेम होतं म्हणूनच आले. चुकले, पण प्रेमापोटी चुकले. हा फरक लक्षात ठेवला तर घरच्यांवरचा राग निम्मा होतो, हे मी अनुभवाने सांगतो.

लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, त्यातला बराच काळ पंढरपुरात. साडेचार वर्षांच्या आसपास हा विरह चालला. लोकांनी टिळकांबद्दल काय काय म्हटलं असेल याची कल्पना आपण करू शकतो: पैशासाठी गेला, नोकरीसाठी गेला, गोऱ्यांनी भुलवलं, डोकं फिरलं. कोकणातल्या गावगप्पांना शंभर-सव्वाशे वर्षांत फार नवीन शब्द लागलेले नाहीत. मी घरून काम करतो तर आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना अजूनही वाटतं की माझी नोकरी गेली आहे आणि मी लाजेने सांगत नाही. रोज सकाळी लॅपटॉप उघडून कॉलवर बोलताना दिसतो, तरीही! त्या कणवेने आंबे पाठवतात. मी खुलासा करणं आता सोडून दिलंय, हापूस चांगले असतात.

हे हसण्यावारी नेता येतं. काही गैरसमज नेता येत नाहीत. गेल्या वर्षी एका रिलीजच्या वेळी प्रॉडक्शनमध्ये मोठा बिघाड झाला आणि तो मी लपवला असा समज टीममध्ये पसरला. मी आधीच तिकीट टाकलं होतं, तारखेसकट होतं, पण तोवर मीटिंग होऊन गेली होती. नंतर कुणीतरी ते बघितलंही. कुणी काही बोललं नाही. ज्यांच्याबरोबर रोज चहा प्यायचो त्यांच्या बोलण्यात एक थंडपणा आला तो बरेच दिवस राहिला. त्या दिवसांत रात्री झोपताना मी डोक्यात लांबलचक ईमेल लिहायचो. सगळे पुरावे, स्क्रीनशॉट, टाइमस्टॅम्प. पाठवला नाही कधी. तुमच्यापैकी कितीजण असे न पाठवलेले ईमेल डोक्यात घेऊन झोपता मला माहीत आहे, कारण तुमचे मेसेज येतात.

म्हणून टिळकांनी त्या साडेचार वर्षांत काय केलं हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी पत्रं लिहिली. पुन्हा पुन्हा. नातं तुटलं असं त्यांनी स्वतःकडून कधी मानलं नाही. दुसरा संसार मांडला नाही. त्यांचं काम सुरू होतं, नगरला ते मिशनच्या कामात होते, शिकवत होते, गीतं लिहीत होते. आणि शेवटी लक्ष्मीबाई जेव्हा आल्या तेव्हा ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. आपलं सोवळं घेऊन आल्या. नवऱ्याच्या हातचं पाणी चालणार नाही, चूल वेगळी, भांडी वेगळी. टिळकांनी ते सगळं चालू दिलं. ज्या जातिभेदाविरुद्ध ते बाहेर तावातावाने बोलत, तोच भेद त्यांच्या घराच्या मधोमध बसला होता, आणि या रागीट माणसाने तिथे मात्र जबरदस्ती केली नाही. मला हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा चमत्कार वाटतो. ज्याला आपण चुकीचे वाटतो त्या माणसाबरोबर एका छपराखाली राहणं, त्याला त्याच्या वेगाने येऊ देणं.

बदल आला तो लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचारातून. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला, आणि माणसाने केली असं उत्तर आल्यावर तिथल्या तिथे ठरवलं की आता कुणाच्याही हातचं खायचं. आधी जात गेली, मग ख्रिस्त आला. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोच मोठ्या दुष्काळाचा काळ, नगर भागात अनाथ मुलांचे लोंढे येत होते, आणि टिळकांच्या घराचं दार उघडं होतं. एकेकाळी पाण्यालाही शिवू न देणारी बाई आता कुणाचीही मुलं न्हाऊमाखू घालत होती.

इथे आपल्याला थांबावंसं वाटतं. गैरसमज दूर झाला, प्रभूची स्तुती असो, आमेन! पण टिळकांच्या आयुष्यात गोष्ट इथे संपत नाही, आणि म्हणूनच मी त्यांना या भागासाठी निवडलं.

हिंदू समाजाला ते परके झाले होतेच. पण ख्रिस्ती समाजात तरी ते पूर्ण आपले झाले का? त्यांनी नाव बदललं नाही. मुलाचंही नाव देवदत्तच ठेवलं. प्रभूची भक्ती अभंगात केली, ओवीत केली, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, टाळ-मृदंग उपासनेत आणले. तुकोबांनीच मला ख्रिस्ताच्या पायापर्यंत आणलं अशा अर्थाचं ते उघडपणे सांगत. आज आपण भजनसंध्येला तबला-पेटी बघतो तेव्हा काही वाटत नाही. पण ज्या काळात पुष्कळ मंडळ्यांमध्ये विलायती चालीवर, विलायती वळणाने गाणं म्हणजेच ख्रिस्ती गाणं असा समज होता, त्या काळात हे सगळ्यांना रुचणारं नव्हतं. त्यात ते कट्टर देशभक्त. मायदेशावर कविता करणारे. म्हणजे एका बाजूला 'साहेबाच्या धर्मात गेलेला' आणि दुसऱ्या बाजूला 'अजून हिंदूपण न सुटलेला'. दोन्हीकडून एकाच वेळी चुकीचं समजलं जाणं काय असतं, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. ऑफिसात आपण जास्तच धार्मिक आणि मंडळीत जरा जास्तच मॉडर्न.

आणखी एक गोष्ट. १९०७ च्या सुमाराला त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा तरुण कवी टिळकांच्या सहवासात आला आणि पुढे नगरला त्यांच्या घरात मुलासारखा राहिला. हाच आपला बालकवी. ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्ती घरात राहतोय म्हटल्यावर लोकांनी काय तर्क केले असतील ते सांगायला नको. टिळक-लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर माया केली, त्याची कविता जपली. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. १९१८ मध्ये जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून ते गेले, वय सत्तावीस. प्रेमामागे काहीतरी हेतू असणारच, असं म्हणणाऱ्यांना या मायेचं काय करावं हे बहुधा कळलं नसेल.

१९१२ पासून टिळक 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक होते. १८४२ पासून चाललेलं हे पत्र, आणि त्यात टिळकांची लेखणी. मान होता, नाव होतं, मिशनचा पगार होता. आणि मग १९१७ मध्ये, वयाच्या छप्पनाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी मिशनचं काम सोडलं आणि संन्यास घेतला. साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. कल्पना अशी की येशूवर प्रेम करणारे सगळे, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेलेसुद्धा, एका दरबारात बंधू म्हणून बसतील. ही वेगळी मंडळी नाही, नवा पंथ नाही, हे त्यांना समजावून सांगावं लागलं. ज्यांनी त्यांना बावीस वर्षं जवळून पाहिलं होतं त्यांच्यातल्याही काहींना हे पाऊल उमगलं नाही. म्हणजे पहिल्यांदा घर सोडून गेले तेव्हा ब्राह्मणांना कळलं नाही, आणि आता ख्रिस्ती लोकांना.

दरबार चालला जेमतेम दोन वर्षं. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. त्यांच्या मागे दरबारही विरला.

आता, टिळक इथे बरोबर होते की चूक? बाप्तिस्म्याविषयी दरबाराची जी भूमिका होती त्यावर माझी स्वतःची शंका आहे, ती मी लपवत नाही. आणि मला वाटतं ही शंका ठेवूनच हा माणूस वाचावा. १ करिंथ ४ मध्ये पौल जे सांगतो ते आपण अर्धंच वापरतो. लोकांनी माझा न्याय केला तर मला त्याचं फार काही वाटत नाही, हा भाग आपण स्टेटसला ठेवतो. पण लगेच पुढे तो म्हणतो की मी स्वतःचाही न्याय करत नाही. माझं मन मला दोष देत नसलं म्हणून मी निर्दोष ठरत नाही, न्याय करणारा प्रभू आहे. म्हणजे गैरसमज झालेल्या माणसाकडेही स्वतःबद्दलचा शेवटचा निकाल नसतो. मला हे आधी टोचलं, मग त्यातच विसावा मिळाला. डोक्यातला तो ईमेल मी ज्या कोर्टासाठी लिहीत होतो तिथला न्यायाधीश टीम लीड नव्हता, आणि मीही नव्हतो. पुरावे त्याच्याकडे आधीच आहेत, माझ्याविरुद्धचे असतील तर तेसुद्धा.

येशूच्या भावांचं पुढे काय झालं, हेही बघा. योहान ७:५ सांगतो की त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. पण १ करिंथ १५:७ मध्ये पुनरुत्थित प्रभू याकोबाला भेटल्याची नोंद आहे, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात तोच याकोब यरुशलेमच्या मंडळीत पुढारी म्हणून उभा आहे. घरी न्यायला आलेल्यांपैकी एक तिथपर्यंत पोहोचला. यरुशलेमहून आलेल्या त्या शास्त्र्यांबद्दल मात्र मार्क असं काही सांगत नाही. त्यांनी मत बदललं का? आपल्याला सांगितलेलं नाही. काही गैरसमज आपल्या हयातीत सुटतात, काही सुटत नाहीत. टिळकांचा लक्ष्मीबाईंशी सुटला, दरबाराचा राहिला.

मृत्यूनंतरही ते आपल्या रीतीनेच गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना पुरलं नाही, दहन केलं आणि रक्षा नगरला नेली. त्यावरही भुवया उंचावल्या असतील.

मागे टेबलावर 'ख्रिस्तायन' अर्धं होतं. प्रभूचं चरित्र ओवीबद्ध करायला त्यांनी घेतलं होतं आणि सुरुवातीचे काही अध्यायच लिहून झाले होते. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. जिला शाळा माहीत नव्हती, जिला अक्षरओळख नवऱ्याने करून दिली, जिला त्याच्या बाप्तिस्म्याची बातमी सगळ्यात शेवटी कळली, तिने पुढचे ६४ अध्याय लिहिले. आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' छापून येऊ लागलं. त्यात टिळकांचा विसरभोळेपणा आहे, संताप आहे, पैसे उडवणं आहे, न सांगता निघून जाणं आहे, आणि प्रत्येक पानावर त्यांच्यावरचं प्रेम आहे. हे पुस्तक वाचलं नसेल तर या महिन्यात वाचा. रत्नागिरीतल्यांनी कुणाकडून मागून घ्यावं, माझी प्रत गेल्या पावसाळ्यात एका मित्राने नेली ती अजून आली नाही.

उद्याचा शास्त्रभाग: मार्क ३:३१-३५. घरचे अजून दाराबाहेरच उभे आहेत.